चाकाचा शब्द

नवे टायर बसवून गाडी दुकानाबाहेर पडली की पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत एखादा आवाज कानावर येतो. तो काल नव्हता, किंवा काल होता पण कोणी ऐकला नव्हता. निदानाची निम्मी मेहनत या दोहोंतले खरे काय ते ठरवण्यात जाते.

हैदराबादेत या आवाजाची विचारपूस तीन भाषांत होते. मराठी घरातला माणूस ‘गाडी आवाज करते’ म्हणतो, दखनी बोलणारा कारागीर ‘आवाज आरी’ म्हणतो आणि तेलुगू मेकॅनिक मडगार्डवर हात ठेवून विचारतो, ‘शब्दं वस्तोंदा?’ तेलुगूत शब्द म्हणजे आवाज. संस्कृतातला तो जुना अर्थ तिथे रोजच्या बोलण्यात राहिला. मराठीत शब्द आकसून जिभेपुरता उरला. शहरात नव्याने आलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न गाडीने काही शब्द काढला का, असा ऐकू येतो आणि त्यात फारसे काही चुकत नाही. मेकॅनिकला आधी हवा असतो तो शब्दच. ‘कसला तरी आवाज येतो’ एवढ्यावर कोणालाही काही सांगता येत नाही. टकटक, खडखड, करकर, घरघर, खस्स-खस्स, घूं... असले शब्द मराठीत पोत्याने आहेत आणि काय आपटते, काय घासते, काय घुमते याचा अर्धा पत्ता त्यांतच लिहिलेला असतो. टकटक म्हणणाऱ्याने एक काम आधीच केलेले असते: आवाज सुटा-सुटा येतो, सलग नाही, हे त्याने सांगितलेले असते.

जुने टायर मुके नसतात. रबर वयाने कडक होते, नक्षीचे ठोकळे एका अंगाने झिजून करवतीच्या दात्यांसारखे होतात आणि साठच्या वेगाला गाडीखाली सतत एक घरघर चालू राहते. ती रोज थोडी-थोडी वाढत गेल्यामुळे मालकाच्या लक्षात येत नाही. नवे टायर बसले की हा पडदा एकदम उठतो. मागे चाललेले बाकीचे सगळे, म्हणजे चाकाच्या बेअरिंगची गुणगुण, डॅशबोर्डची किरकिर, सैल मडफ्लॅप, समोर येते. शिवाय चार टायरांचे वीसेक हजार रुपये नुकतेच मोजलेले असतात. त्या दिवशी रेडिओ बंद असतो, काच खाली असते आणि कान खिडकीबाहेर असतात. नव्या टायरांच्या नावावर खपणाऱ्या बऱ्याच तक्रारी या ऐकण्याच्या तक्रारी असतात. मेकॅनिक तसे तोंडावर म्हणत नाही. तो म्हणतो, ‘नया टायर है साब, चार दिन में बैठ जाता.’ हे कधी खरे असते, कधी फक्त गिऱ्हाईक वाटेला लावण्यापुरते.

गाडीने चकार शब्द काढू नये, ही अपेक्षा मात्र या शहरात जुनी आहे. रोल्स-रॉइसने 1907 मध्ये आपल्या एका गाडीला सिल्व्हर घोस्ट हे नाव दिले ते ती भुतासारखी, पाऊल न वाजवता येते म्हणून. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली त्याच जातीची पिवळी गाडी 1912 ची आहे. ती यायच्या आधीच, 1911 मध्ये, निजाम वारले. चौमहल्ला राजवाड्यात ती आजही पाहायला मिळते. फार थोडी चालली, त्यामुळे तिच्या टायरांबद्दल कोणाची तक्रार असण्याचा प्रश्न आला नाही.

कोणत्या आवाजाचा संशय टायर बसवणीवर घ्यायचा हे कळण्यासाठी ती बसवणी एकदा जवळून पाहायला हवी. जुना टायर मशीनवर रिमपासून सोडवला जातो. रिमच्या काठावर गंज आणि जुन्या रबराचे पापुद्रे असतात. चांगला कारागीर ते तारेच्या ब्रशने खरवडतो, घाईतला नुसते फडके फिरवतो. नव्या टायरच्या दोन्ही कडांना साबणाचे पाणी लागते, तो रिमवर चढतो आणि हवा भरताना एका क्षणी कड खोबणीत जाऊन बसते. फट्ट! मग दुसऱ्या बाजूने आणखी एकदा फट्ट. शेजारी उभा राहिलेला मालक दचकतो, पण हा बसवणीतला सर्वांत चांगला आवाज. कड बसण्यासाठी हवा चाळीस पीएसआयच्या आसपास नेतात आणि नंतर गाडीच्या दारावरच्या चिकटपट्टीत लिहिलेल्या आकड्यावर उतरवतात. दुपारच्या गर्दीत हे उतरवणे राहून जाते. मग गाडी प्रत्येक खड्ड्यात धप्प-धप्प आदळते आणि मालक शॉकअब गेल्याचे अनुमान काढतो. हवेचा काटा लावून पाहणे ही म्हणून पहिली तपासणी. तिला पैसे लागत नाहीत आणि तिच्यातच काही तक्रारी मिटतात.

यानंतर बॅलन्सिंगचे मशीन. चाक फिरते, काटा ग्रॅम सांगतो आणि रिमला पाच-दहा ग्रॅमचे तुकडे ठोकले किंवा चिकटवले जातात. शेवटी नट. ते समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे असतात. एकापाठोपाठ एक आवळले तर चाक हबवर किंचित तिरके बसू शकते. हवेच्या बंदुकीने सगळे नट एका दमात ठोकण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर हाताच्या पान्याने नट पुन्हा पाहावेत. ‘हल्लू आता, नक्को ज्यादा कसू’ असे पोराला बजावणारा उस्ताद भेटला तर मराठी माणसाला दोन शब्द घरचे ऐकायला मिळतात आणि दुकान चांगले आहे हेही कळते.

आता मुख्य गोष्ट. चाकाच्या आवाजांची दोन कुळे आहेत, लयीचे आणि सुराचे, आणि ती कानाने वेगळी काढता येतात.

बऱ्याच लहान गाड्यांना येणारा 165/80 आर 14 मापाचा टायर घेतला तर त्याचा व्यास सुमारे 62 सेंटिमीटर आणि परीघ 1.95 मीटर भरतो. ताशी 20 च्या वेगाला असे चाक सेकंदात जवळजवळ तीन वेळा फिरते, 72 ला दहा वेळा. माणसाच्या कानाला सेकंदाला वीसेक ठोक्यांपर्यंत ठोके सुटे कळतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळून सूर होतात. चाकाच्या एका फेऱ्यात एकदाच घडणारी गोष्ट 140 च्या वेगापर्यंत वीस ठोक्यांवर जात नाही. म्हणजे रुतलेला खडा, हललेला नट, वाकलेला पत्रा यांचा आवाज शहरातल्या कोणत्याही वेगाला ठोकाच राहतो. नक्षीचे मात्र परिघावर साठ-सत्तर ठोकळे असतात. 72 ला ते सेकंदात सहा-सातशे वेळा रस्त्यावर आपटतात आणि तो सूरच असतो. म्हणून पहिला प्रश्न: मोजता येतो की नाही?

मोजता येत असेल तर गाडी वीसवर आणावी आणि मनात एक-दोन-तीन म्हणावे. सेकंदाला तीन टक असतील तर चाकाच्या फेऱ्यात एकदा काहीतरी होते आहे. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे. बांधकामाच्या कडेने पसरलेली खडी नव्या, खोल, मऊ खोबणीत हमखास रुतते. जुन्या टायरात ती रुतायला जागाच नव्हती. स्क्रूड्रायव्हरने ती काढली की टकटक संपते. काढताना खड्याऐवजी खिळ्याचे डोके दिसले तर हात थांबवावा आणि पंक्चरवाल्याकडे जावे.

खडा नसेल तर प्लास्टिकच्या व्हीलकव्हरकडे पाहावे. नीट न बसलेले कव्हर हळू वेगाला कट-कट करते आणि वेग वाढला की गप्प होते. याच्या उलट सैल नट. त्याचा आवाज जाड असतो, टक नव्हे तर ठक. तो ब्रेक मारताना आणि वळताना वाढतो आणि स्टिअरिंगमध्ये हातालाही कळतो. इथे निदानाची हौस बाजूला ठेवून गाडी कडेला घ्यायची असते.

खर्र... खर्र... असा धातूचा घासता आवाज बहुधा ब्रेकच्या डिस्कमागच्या पातळ पत्र्याचा. टायर काढताना-चढवताना त्याला चाकाचा किंवा हाताचा धक्का लागतो, तो दोन मिलिमीटर वाकतो आणि डिस्कला टेकतो. किंवा त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये खडा अडकतो. ऐकायला हा आवाज भयंकर, दुरुस्ती मात्र बोटाने पत्रा मागे दाबण्याइतकी. ब्रेक हलका दाबताच आवाज बदलला किंवा थांबला तर शोध पॅडच्या बाजूला न्यावा.

खस्स-खस्स हा रबराचा शब्द. हौसेने एक माप रुंद टायर घातला की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तो चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला घासतो. अस्तरावर चकचकीत पट्टा उमटतो, तोच पुरावा. पूर्ण वळवल्यावर खस्सऐवजी कट-कट-कट आले, आणि तेही ॲक्सिलरेटर दाबताना, तर बिचाऱ्या टायराचा संबंध नाही. पुढच्या ॲक्सलचा बूट फाटून ग्रीस गेले आहे आणि जॉइंट वाजतो आहे.

लयीचा आणखी एक प्रकार सकाळी असतो. दुकानात दाबून रचलेल्या टायरांना, किंवा गरम होऊन नंतर रात्रभर एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरांना, तळाशी किंचित सपाटी येते. आतले नायलॉनचे पदर थंड होताना तोच आकार धरून बसतात. पहिले काही किलोमीटर धब-धब होते आणि टायर तापला की जाते. ‘बैठ जाता’ हे इथे शब्दशः खरे.

बॅलन्स चुकला असेल तर आवाज कमी आणि थरथर जास्त. ती साधारण ऐंशीच्या पुढे जागी होते. स्टिअरिंग थरथरले तर पुढची चाके, सीट थरथरली तर मागची. हा नियम दर वेळी खरा ठरत नाही, पण कोणते चाक आधी उतरवायचे एवढे ठरवून देतो.

सुराचे आवाज अधिक कठीण. वेग दुप्पट केला की टायरचा आवाज दहा डेसिबलच्या आसपास चढतो आणि नक्षीचा सूर बरोबर एक सप्तक वर जातो. चाळीसच्या पुढे इंजिनापेक्षा टायरच जास्त बोलतात. विजेच्या गाडीत तर इंजिनाचे पांघरूणच नसल्याने त्याही आधीपासून. सगळे ठोकळे एकाच लांबीचे ठेवले तर टायर भोंग्यासारखा एकसुरी ओरडेल. म्हणून बनवणारे तीन-चार वेगवेगळ्या लांबीचे ठोकळे मुद्दाम विस्कटून मांडतात, आणि सुराचा खरखरीत, सोसवणारा गोंगाट होतो. हैदराबादहून मुंबईच्या रस्त्याने निघाले की संगारेड्डीच्या पुढे सदाशिवपेट लागते. पुणेकराच्या कानाला ती सदाशिव पेठ वाटते, पण तिथे टायरांचा मोठा कारखाना आहे. अशा कारखान्यात साच्यातून निघालेल्या नव्या टायरवर रबराचे बारीक केस दिसतात. साच्यातली हवा जायच्या भोकांत शिरलेले ते रबर. मालक या केसांवर संशय घेतात. ते निर्दोष आहेत, आपोआप झडतात. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या थराचा मात्र विचार करावा. त्याने आवाज होत नाही, पण पकड थोडी कमी राहते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने चालवण्याचा सल्ला त्यासाठी असतो.

भारतात 2022 च्या अधिसूचनेने टायरच्या आवाजालाही मर्यादा आली. मोजणी ज्या एआयएस-142 मानकाने होते, ते पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतून निघणाऱ्या मालिकेतले. पण यात मोजतात तो रस्त्याकडेला उभ्या माणसाला ऐकू येणारा आवाज: इंजिन बंद, गाडी घरंगळत जाते आणि मायक्रोफोन साडेसात मीटर दूर. गाडीत बसलेल्याच्या कानाला काय होते याबद्दल ते मानक काही म्हणत नाही.

एक सूर वेगाने बदलत नाही. टायरच्या पोकळीत कोंडलेली हवा दोनशे हर्ट्झच्या थोडी वर, स्वतःच्या ठरलेल्या सुरात घुमते. चाळीसला तोच, ऐंशीलाही तोच. तंबोरा जसा गवय्याच्या लयीला जुमानत नाही. मेहदीपट्टणमहून आरामघरकडे जाणारा पी. व्ही. नरसिंह राव उड्डाणमार्ग 2009 मध्ये खुला झाला, लांबी साडेअकरा किलोमीटरच्या थोडी वर. त्यावरच्या प्रत्येक सांध्यावरून चाक गेले की हा सूर टण्ण करून एकदा उमटतो आणि विरतो. तिथे ऐकू येणारी धडक-धडक लय पुलाच्या सांध्यांची, चाकाची नव्हे. पूल संपला की संपते. त्याच पुलाखालून जाताना दुसरी सोय आहे. अत्तापूरच्या बाजूला लोक घराचा पत्ताही खांबाच्या नंबराने सांगतात. पहाटे काच उघडून त्या खांबांच्या बाजूने गाडी नेली की चाकाचा आवाज प्रत्येक खांबावरून परतून तुकड्या-तुकड्याने कानात येतो आणि डावीकडचे चाक की उजवीकडचे, हे कळायला मदत होते.

सुराच्या बाबतीत सर्वांत जास्त फसवणूक दोन टायर बदलणाऱ्यांची होते. पुढे नवे घातले जातात, पुढचे जुने मागे जातात, कधी डावे-उजवेही होतात. त्या जुन्यांचे ठोकळे एका दिशेने झिजलेले असतात; बाजू बदलली की ते उलटे फिरतात आणि करवत उलट्या अंगाने चालते. मागून घूं येते, दोष नव्या टायरांना लागतो. याची परीक्षा हाताने होते. तळवा नक्षीवरून पुढे फिरवावा, मग मागे. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे बोटांना काठ अडकत असेल तर घूंचा मालक सापडला. काही टायरांच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू लिहिलेली असते. ते उलटे बसले तर आवाज तर होतोच, शिवाय पावसात पाणी फेकण्याचे कामही नीट होत नाही. लहान गाड्यांच्या टायरांना बहुधा असा बाण नसतो, पण टॉर्च मारून पाहायला एक मिनिट लागते.

उरतो बेअरिंगचा सूर, आणि तो टायरच्या सुराचा जुळा भाऊ. दोघेही वेगाबरोबर चढतात. इंजिनाला आधी वगळावे: पन्नासच्या त्याच वेगाला तिसऱ्या आणि चौथ्या गिअरमध्ये आवाज तसाच राहिला तर तो चाकांकडचा. मग रिकामे लांब वळण शोधावे. गाडी डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा गुणगुण वाढली तर उजवे बेअरिंग संशयित, उलट्या वळणाला डावे. टायरचा सूर वळणाला असा हलत नाही. रस्ता बदलूनही पाहावा. खरखरीत डांबरावरून गुळगुळीत डांबरावर, किंवा खोबणी पाडलेल्या सिमेंटवर गेले की टायरचा आवाज लगेच पालटतो, बेअरिंग आपली धून सोडत नाही. एवढ्यानेही भागले नाही तर पुढची चाके मागे टाकावीत. आवाज चाकाबरोबर मागे गेला तर टायर, जागेवर राहिला तर बेअरिंग.

जुने मेकॅनिक एवढे करत नाहीत. ते चाक जॅकवर उचलतात, एक हात स्प्रिंगच्या वेटोळ्यावर ठेवतात आणि दुसऱ्याने चाक फिरवतात. चांगल्या बेअरिंगचा स्प्रिंगला पत्ताही लागत नाही. बिघडलेले असेल तर वाळू दळल्यासारखी कचकच बोटांच्या पेरांत येते. कानाला अजून धड ऐकू न येणारी गोष्ट अशी हाताला आधी कळते. नंतर वर-खाली धरून चाक हलवतात. खेळ लागला तर शंका उरत नाही. बेअरिंग राणीगंजच्या बाजारात मिळते, आणि खोके उघडण्याआधी दुकानदार जुन्यावरचा नंबर मागतो.

डिकीची तपासणी क्रमाने पहिली यायला हवी, पण ती शेवटी आठवते. मागून खडखड येते, फक्त गतिरोधकावर येते, फेऱ्या मोजून तिचा काही मेळ बसत नाही आणि सपाट रस्त्यावर ती नाहीशी होते. स्टेपनी पाहण्यासाठी दुकानात डिकीचा तळ उचललेला असतो. जॅक आणि पाना परत टाकताना कोणीतरी तो तळ नुसता वर टेकवलेला असतो. स्टेपनीचा मधला स्क्रू दोन आटे घट्ट करावा, जॅक त्याच्या खोबणीत बसवावा, पाना जुन्या फडक्यात गुंडाळावा आणि गाडी त्याच गतिरोधकावरून पुन्हा न्यावी.